ऊन, सावली आणि ऋतू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी "ऊन" एवढेच उत्तर दिले. त्यावर त्या म्हणाल्या, "अहो ताई, परभणीच्या बायकांना ऊन ते काय समजावून सांगायचे?" त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. उन्हाशी आपली ओळख जन्माची. पापड-कुरडया कोणत्या दिवशी घालाव्यात, माळवदावर अनवाणी पाय केव्हा टाकू नये, माठ कोठे ठेवावा, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु ओळख असणे निराळे आणि कारण माहीत असणे निराळे. कारण माहीत नसले म्हणजे चार पैसे भलत्याच ठिकाणी खर्च होतात. आपल्या बालवाडीच्या पत्र्याच्या खोलीचा प्रश्न पुढल्या बैठकीत यावयाचा आहे. सकाळी तेथे लहान मुले बसतात आणि दुपारी तीन ते पाच शिवणवर्ग चालतो. गेल्या वैशाखात दोन मुलींना त्या खोलीत भोवळ आली हे आपण सर्वजणी जाणतो. जमलेल्या वर्गणीचे काय करावयाचे याविषयी दोन तट पडले आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या बोलण्यात उन्हाबद्दलचे काही समज ऐकू आले. म्हणून हा विषय घेतला.

पहिला समज सर्वांत जुना आहे. उन्हाळ्यात सूर्य पृथ्वीच्या जवळ येतो आणि हिवाळ्यात लांब जातो, असे पुष्कळांना वाटते. चुलीजवळ सरकले की जास्त शेकते, तेव्हा वाटणे स्वाभाविकच आहे. वस्तुस्थिती मात्र नेमकी उलटी आहे. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपण गोधड्या पांघरून बसतो तेव्हा. त्या वेळी अंतर सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटर असते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते सर्वांत जास्त, सुमारे 15 कोटी 21 लाख किलोमीटर होते. हा फरक एकंदर अंतराच्या मानाने शेकडा तीन-साडेतीनच आहे. शिवाय अंतरामुळे ऋतू होत असते, तर साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी उन्हाळा आला असता. ज्यांची मुले ऑस्ट्रेलियात नोकरीला आहेत त्यांना विचारा. नाताळात तिकडे लोक समुद्रावर पोहावयास जातात आणि जुलैत स्वेटर घालतात.

मग कारण काय? कारण आहे उन्हाचा तिरपेपणा. त्याला मी आपल्याच स्वयंपाकघरातला दाखला देते. एका पळीत जेवढे तूप मावते तेवढे लहान भाकरीवर सोडले तर भाकरी चांगली माखते. तेवढेच तूप दीडपट मोठ्या भाकरीवर पसरले तर प्रत्येक घासाला कमी येते. तूप कमी झाले नाही, भाकरी मोठी झाली. उन्हाचेही असेच आहे. डोक्यावरून सरळ येणारा झोत जेवढ्या जमिनीवर पडतो, त्यापेक्षा तिरपा येणारा तेवढाच झोत अधिक जमिनीवर पसरतो, आणि प्रत्येक वीतभर जमिनीच्या वाट्याला कमी ऊब येते. रात्री घरी बॅटरी घेऊन पाहा. सरळ खाली धरली तर फरशीवर लहान, झगझगीत वर्तुळ पडते. तिरपी केली की वर्तुळ लांबट होते आणि मंद होते. बॅटरीतला सेल तोच.

याला जोडून दुसरेही एक कारण आहे. तिरप्या किरणांना हवेतून जास्त लांबचा प्रवास करावा लागतो, आणि वाटेत हवा, धूळ व वाफ त्यांतील काही भाग विखरून टाकतात. मावळत्या सूर्याकडे आपण डोळे उघडे ठेवून पाहू शकतो, दुपारी बाराच्या सूर्याकडे पाहण्याची छाती नाही, ते यामुळेच. (मुलांना मात्र मावळतीच्याही सूर्याकडे टक लावू देऊ नये.)

आता हा तिरपेपणा वर्षभर बदलतो कशाने? पृथ्वीचा आस सरळ उभा नाही, तो सुमारे साडेतेवीस अंश कललेला आहे. एक लिंबू घ्या, त्यातून दाभण आरपार घाला आणि मध्ये समई लावून तिच्याभोवती ते लिंबू फिरवा. दाभण जरा तिरपे धरा, आणि फिरताना त्याचे वरचे टोक सतत एकाच भिंतीकडे, समजा देवघराच्या भिंतीकडे, राहू द्या. मग दिसेल की समईच्या एका बाजूला असताना लिंबाचा वरचा भाग ज्योतीकडे झुकतो, आणि दुसऱ्या बाजूला गेल्यावर तोच भाग ज्योतीपासून मागे रेलतो. वरचा भाग झुकला म्हणजे आपला उन्हाळा, रेलला म्हणजे आपला हिवाळा. खालच्या भागाचे याच्या उलट. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवताना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा या लिंबाने माझे काम अधिक केले आहे.

आता आपल्या गावाचा हिशेब पाहू. परभणी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे सव्वाएकोणीस अंशांवर आहे. 21-22 डिसेंबरला दुपारी सूर्य सर्वांत उंच येतो तेव्हाही तो दक्षिण क्षितिजापासून सुमारे 47 अंशच वर असतो, म्हणजे अर्ध्या आकाशाच्या जरासा वर. त्या दिवशी अंगणात बारा अंगुळे उंचीची काठी उभी केली तर तिची भर दुपारची सावली अकरा अंगुळांहून किंचित जास्त भरते. 21 मार्चच्या सुमारास हीच सावली सव्वाचार अंगुळांच्या आसपास येते. आपल्या जुन्या ज्योतिष्यांना हे उत्तम ठाऊक होते. बारा अंगुळांच्या शंकूची विषुवदिनी मध्यान्ही पडणारी सावली म्हणजे "पलभा", आणि तिच्यावरून ते गावाचे अक्षांश ठरवीत. सव्वाचार अंगुळे ही आपल्या परभणीची पलभा होय. म्हणजे नुसत्या काठीच्या सावलीने गाव पृथ्वीच्या पाठीवर कोठे वसले आहे ते कळे! ग्रीसचा एराटोस्थेनिस नावाचा विद्वान तर दोन गावांच्या सावल्यांतील फरकावरून सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सबंध पृथ्वीचा घेर मोजून मोकळा झाला.

पुढे चैत्र-वैशाखात सावली आखडत जाते आणि 17 मेच्या सुमारास परभणीत भर दुपारी ती नाहीशीच होते. सूर्य त्या वेळी बरोबर डोक्यावर असतो. सरळ बाजूंचा पिठाचा डबा गच्चीवर उभा ठेवला तर त्याच्या भोवती सावलीची कडसुद्धा दिसत नाही. आपल्या जिल्ह्यातही हा दिवस सगळीकडे एक नसतो. गंगाखेड दक्षिणेला, तेथे एखाद दिवस आधी. जिंतूर उत्तरेला, तेथे एखाद-दोन दिवस नंतर. साऱ्या महाराष्ट्राचे पाहिले तर मेच्या पहिल्या आठवड्यात हा बिनसावलीचा दिवस सावंतवाडी-कोल्हापूरकडे येतो आणि पुणे, मुंबई, परभणी असे करीत महिनाअखेरीस नागपूर-नंदुरबारला पोचतो. दिल्लीकरांना तो पाहावयासच मिळत नाही. कर्कवृत्ताच्या उत्तरेला सूर्य कधीच डोक्यावर येत नाही.

मात्र घड्याळात बाराचे ठोके पडले म्हणून गच्चीवर धावू नका. आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्यांशी अंशांच्या रेषेवर लावलेले आहे. परभणी तिच्या पश्चिमेला पावणेसहा अंश, आणि दर अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो. म्हणून मेमध्ये आपली खरी मध्यान्ह बारा वाजून वीस मिनिटांच्या आसपास होते.

17 मेनंतर सूर्य आणखी उत्तरेला सरकतो. जूनच्या 21 तारखेला भर दुपारी तो डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली चक्क दक्षिणेला पडते, काठीला एक अंगूळही नाही, पण पडते दक्षिणेला. तेथून तो परत फिरतो, आणि 26-27 जुलैच्या सुमारास पुन्हा एकदा आपल्या डोक्यावर येतो. म्हणजे बिनसावलीचे दिवस वर्षातून दोन.

येथे एखादी चाणाक्ष भगिनी मला अडवील आणि म्हणेल, "ताई, सूर्य मेमध्ये डोक्यावर आणि जुलैतही डोक्यावर, मग मेमध्ये जीव नकोसा होतो आणि जुलैत अंगावर पातळ वाळत नाही, हे कसे?" हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण नुसता तिरपेपणा सांगून थांबणाऱ्यांना तो निरुत्तर करतो. उन्हाची पाठवणी दोन्ही वेळा जवळजवळ सारखीच असते, पण ती पोचते कोणाच्या हाती ते पाहिले पाहिजे. मेमध्ये आकाश कोरडे, जमीन उघडी आणि काळी. आपली काळी माती ऊन परत फार थोडे पाठवते, जवळजवळ सगळे पिऊन घेते. ओल तर नसतेच. भेगा पडलेल्या असतात. तेव्हा मिळालेली सारी ऊब माती तापवण्यात आणि मातीवरची हवा तापवण्यात जाते. जुलैत वरून ढग बराच भाग आल्या वाटेने परत धाडतात. जो खाली उतरतो त्याचा मोठा वाटा ओल्या मातीतले आणि पिकांच्या पानांतले पाणी वाळवण्यात खर्ची पडतो. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होते ना? जुलैत सबंध परभणी जिल्हा म्हणजे एक पाझरता माठच असतो. पाऊस ताणला की मात्र हा माठ कोरडा पडतो आणि श्रावणातही उकाडा भाजून काढतो. परतीचा पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात आकाश निवळते आणि पुन्हा काही दिवस होरपळ होते, तेही याच न्यायाने.

तसेच मुंबईचे पाहा. मुंबई आणि परभणी जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, ऊन दोघींना सारख्याच कोनाने मिळते. तरी मे महिन्यात मुंबईचा दुपारचा पारा सरासरीने 33-34 अंशांवर थांबतो, आपला 41-42 वर जातो. समुद्र तापावयासही वेळ घेतो आणि निवावयासही. आपली जमीन उतावळी, पटकन तापते, पटकन निवते. म्हणूनच हिवाळ्याच्या रात्री मुंबईकर पंखा लावून निजतात आणि इकडे कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. कोरडी हवा व निरभ्र आकाश म्हणजे गोधडीवाचून निजलेली जमीन. दिवसाची ऊब रात्रीतून निघून जाते. ढगाळ रात्री थंडी कमी का वाजते हे आता निराळे सांगावयास नको.

दिवसाची लांबीही हिशेबात धरली पाहिजे. जूनअखेरीस आपला दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरात अकरा तासांचा असतो. कोन आणि तास दोन्ही मिळून, आकाशातून दिवसभरात येणारे डिसेंबरचे ऊन जूनच्या दोन-तृतीयांशच भरते. लंडनसारख्या ठिकाणी हा फरक कितीतरी मोठा. तेथे डिसेंबरात आठ तासांचाही दिवस नसतो आणि सूर्य दुपारी क्षितिजावर हातभर वर येऊन परत जातो.

आणखी एक गोष्ट बायकांना चटकन समजेल, कारण ती जमाखर्चाची आहे. सूर्य माथ्यावर येतो सव्वाबारा-साडेबाराला, पण हवा सर्वांत तापते अडीच-तीनला. का? जोपर्यंत जमिनीची आवक जावकेपेक्षा जास्त आहे तोपर्यंत शिल्लक वाढतच राहणार. साडेबारानंतर आवक उतरू लागली तरी तीनपर्यंत ती जावकेला भारीच असते. वर्षाचेही तेच. सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरचा, पण कडाक्याची थंडी कित्येकदा जानेवारीत पडते. उन्हाळ्याचा हिशेबही असाच जूनअखेरीपर्यंत लांबला असता, पण मृगाचा पाऊस मध्येच वही बंद करतो.

डिसेंबरचा उल्लेख निघाला म्हणून संक्रांतीविषयी बोलते. संक्रांतीपासून उत्तरायण लागते आणि दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो. खरे पाहता सूर्य 21-22 डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो, आणि आपण हळदीकुंकू करतो तेव्हा दिवस वाढू लागून तीन आठवडे उलटलेले असतात. आपल्या पूर्वजांची गणना चुकली असे मात्र समजू नये. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी मकरसंक्रमण आणि उत्तरायण एकाच वेळी होत असत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डुलतो, त्याला अयनचलन म्हणतात. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेली संक्रांत सुमारे बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 रोजी संक्रांतीच्या दिवशी झाला होता, आज ती 14 किंवा 15 जानेवारीला येते. यातला एक दिवस 1900 साल इंग्रजी पंचांगात लीप वर्ष धरले नाही म्हणून वाढला, उरलेले या डुलण्याचे. पुढे हजारो वर्षांनी संक्रांत उन्हाळ्यात येईल तेव्हा तिळगुळाचे काय करावयाचे ते त्या काळच्या बायका पाहतील. तीळ आणि बाजरी हे थंडीचे खाणे आहे, एवढे खरे.

आता ज्या गोष्टीसाठी जीव तोडून बोलावयाचे आहे त्याकडे वळते. आपल्याकडे मेमध्ये लग्नसराई असते, आणि मुहूर्त पुष्कळदा बारा ते साडेबाराच्या दरम्यान. म्हणजे वर्षात ज्या दिवसांत सूर्य डोक्यावर, त्या दिवसांत ज्या मिनिटांना तो डोक्यावर, त्याच मिनिटांना आपण वऱ्हाड अक्षता हातात देऊन उभे करतो! निरभ्र आकाशात माथ्यावरचा सूर्य एका चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॉट ओततो, एक इस्त्री चालू ठेवावी तितके. दहा फूट लांब-रुंद पत्र्यावर अशा नऊ इस्त्र्या. त्याखाली भरजरी शालू नेसलेली नवरी, सत्तरीच्या आजीबाई, सातव्या महिन्यातली वन्सं, आणि अंगावर लोकरी कुंचडे घातलेले तान्हे. जेवणावळ उरकून तीन वाजता परतीची गाडी, म्हणजे हवा सर्वांत तापलेली असताना पत्र्याच्या टेम्पोत दाटीवाटीने बसावयाचे. उन्हाच्या झटक्यात माणसाचे अंग स्वतःला निववू शकत नाही, घाम थांबतो, कातडी कोरडी व कढत होते, बोलणे बरळल्यासारखे होते. अशा वेळी लिंबूसरबत पाजीत बसू नये. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंग पाण्याने ओले करून वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

शास्त्राची अडचण पुढे करणाऱ्यांना मी नम्रपणे सांगेन की गोरज मुहूर्त हाही शास्त्रातलाच आहे. सायंकाळी सूर्य तिरपा होतो, माणसे मोकळेपणाने बसतात, आणि नवरीच्या कपाळावरचे कुंकू ओघळत नाही. आपल्या मंडळात निदान पन्नास-साठ घरे आहेत. यजमानीणबाईंनी मनावर घेतले तर गुरुजी सकाळचा किंवा सांजेचा मुहूर्त काढून देतील. शेतावर रोजाने जाणाऱ्या भगिनींच्या हातात एवढी निवड नसते, हे मी जाणते. म्हणून ज्यांच्या शेतात त्या जातात त्यांच्या घरच्या आपण बायकांनी मेमध्ये काम पहाटे सहाला सुरू करून अकराला थांबवावे, आणि मजुरी पूर्ण द्यावी. अकरा ते चार या वेळात उघड्या काळ्या रानात डोक्यावरून ऊन आणि पायाखालून वाफ, दोन्ही असतात. नुसत्या पदराने भागत नाही.

घरगुती उपयोगाचे एक-दोन मुद्दे सांगून बालवाडीकडे येते. थंडीत तीळ, मिरच्या, हळद वाळवावयाची तर ताट जमिनीवर सपाट ठेवू नये. विटांचा आधार देऊन फळी दक्षिणेकडे चांगली उतरती करावी, दुपारच्या सूर्याला समोरी येईल अशी. सपाट ताटापेक्षा तिला भर दुपारी एक-तृतीयांश अधिक ऊन मिळते. कुरडयांना वैशाखात हा उपद्व्याप नको, तेव्हा सपाट खाटच उत्तम. गच्चीवर आणि शेतातल्या सौरपंपांवर आता ज्या काळ्या-निळ्या पाट्या दिसतात त्या दक्षिणेला तोंड करून तिरप्या का बसवतात, हे पुष्कळजणींनी मला विचारले आहे. वर्षभराची सरासरी साधावयाची तर आपल्या अक्षांशाइतका, म्हणजे एकोणीस-वीस अंशांचा उतार सोयीचा पडतो, म्हणून.

आता बालवाडीची खोली. तिला खिडकी दक्षिणेला, दार पश्चिमेला आणि वर पत्रा. काही भगिनींचे म्हणणे, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन येते, ती विटांनी बुजवावी. माझे म्हणणे, त्या बिचाऱ्या खिडकीला विनाकारण शिक्षा होत आहे. मे महिन्यात दुपारचा सूर्य माथ्यावर किंवा उत्तरेला असतो, दक्षिणेच्या खिडकीतून तो आत डोकावणार कसा? त्या खिडकीतून ऊन येते ते हिवाळ्यात, आणि सकाळी कुडकुडत येणाऱ्या मुलांना ते हवेच आहे. खिडकी चार फूट उंच आहे. तिच्या माथ्याशी दीड फुटाचा छज्जा काढला तर 21 मार्चपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारी संपूर्ण खिडकी सावलीत राहील, आणि डिसेंबरात तिच्या खालच्या सव्वादोन-अडीच फुटांतून ऊन आत येईल. हा हिशेब मी सूर्याच्या उंचीवरून केला आहे, गवंड्याला तसाच सांगता येईल.

खरे गुन्हेगार दोन. एक पत्रा. माथ्यावरच्या सूर्याला भिंती जवळजवळ दिसतच नाहीत, त्याचा सारा मारा छपरावर. तेव्हा पहिला पैसा छपरावर खर्च व्हावा. फाल्गुनात पत्र्याला चुन्याचा पांढरा जाड हात द्यावा, आणि खालून वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत ठोकावे, मधली हवा दोन्ही टोकांना मोकळी ठेवून. अहमदाबादेने 2013 साली उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला आणि पुढे तेथे गरीब वस्त्यांतली छपरे अशीच पांढरी केली गेली. नवा कूलर सुचवणाऱ्या भगिनींचा हेतू चांगला आहे, पण कूलरला वीज लागते, पाणी लागते, आणि मेमध्ये आपल्याकडे दोन्हींची खात्री देता येत नाही. चुन्याला दोन्ही नको.

दुसरा गुन्हेगार पश्चिमेचे दार. मेमध्ये पाच वाजता सूर्य क्षितिजापासून चोवीस-पंचवीस अंशांवर असतो आणि सरळ दारातून शिवणयंत्रापर्यंत येतो. अशा ठेंगण्या उन्हाला छज्जा कितीही लांब काढला तरी अडवता येत नाही, समोरून आडोसाच हवा. दारापासून दहा-बारा पावलांवर, किंचित उत्तरेच्या बाजूला, दोन कडुनिंब लावावेत, कारण उन्हाळ्यात सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. झाडे वर येईपर्यंत चार-पाच वर्षे दारासमोर तट्ट्याची ताटी उभी करावी आणि दुपारी तिच्यावर पाणी मारावे. रोपे मृगात लावली तर पावसाचे चार महिने फुकट मिळतात, आणि आठ महिने पाणी घालण्याची पाळी आपण वाटून घेऊ. सोमवार-गुरुवार माझ्याकडे ठेवावेत.